एकतिसावी पायरी

मंगळवार, ४ मार्च

चि. भिंगरी,

सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल, ओळख बघू! शिवणवाली. पाहुणे अकराला येणार आणि ही बया नऊला दारात हजर, तोंडात टाचण्या तशाच. "सहज आले मावशी," म्हणे. ठेवणीतले कपडे घालून सहज कोण येतं गं? पण तीस वर्षांची शेजारीण, हाकलणार कशी? म्हटलं, आलीच आहेस तर कप पूस. तिने कप पुसले, दोन बिस्किटं खाल्ली आणि माझ्या पडद्याची शिवण तिरकी आहे हेही सांगून झालं. तो पडदा तिनेच शिवलेला आहे.

मग आला पंपवाला. खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर असतो तो. कानात कापूस घालून फिरतो आणि काहीही विचारलं की आधी "काय?" म्हणतो. गाडी वळणावर दिसली असं सांगत आला. आणि मग एकदाची म्युझियमची माणसं. तिघं. एक लांबोडके साहेब, दारातून येताना इतके वाकले की मला वाटलं पाया पडतायत, म्हणून मी आशीर्वाद देऊन टाकला. एक चष्म्याच्या बाई, गोड स्वभावाच्या, हळू बोलतात. आणि एक पेटीवाला, त्याने पेटी काही उघडली नाही पण बिस्किटं सात संपवली. मी मोजली नाहीत, शिवणवालीने मोजली.

तुझ्या एका शब्दावर एवढी माणसं आपल्या घरी! आणि कशासाठी, तर ह्यांचे दगड बघायला! चाळीस वर्षं हे खाणीत जाताना डब्यात जेवण न्यायचे आणि येताना त्याच डब्यात दगड आणायचे. कुणात शंख, कुणात किडा, कुणात पानासारखं काहीतरी. डब्याला पोचे पडतात म्हणून मी ओरडायचे. आता त्याच त्रेसष्ट दगडांसाठी गाडी येते दारात, आहेस कुठे!

मग मीही कसर ठेवली नाही. तू लहानपणी ह्यांचा लाल मेणखडू पळवून घरभर रेघोट्या ओढायचीस, आठवतं? भिंतीवर, दारावर, माझ्या उशीच्या अभ्र्यावर. दगडांच्याही पाठीवर तुझ्या रेघा तशाच होत्या. उभ्या, आडव्या, मधेच एखादा गोल. म्हटलं, म्युझियमच्या लोकांना हे दाखवायचं? लोक म्हणतील आजीला स्वच्छता ठाऊक नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसले. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश. अगं, असे निघाले एकेक! मग आकाराप्रमाणे ओळीत मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे.

आणि ह्यांचा उत्साह काय सांगू. गेल्या वर्षी झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, काहीही विचारलं की नुसती मान हलवतात. पण मी घासायला बसले तशी ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर चमचा आपटायला सुरुवात केली. ठण ठण ठण. दोन दिवस! मी आपली चहा करून देत होते. तिसरा कप सांडलासुद्धा. इतका आनंद मी ह्यांना आमच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता.

साहेबांनी पहिला दगड उचलला, उलटा करून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट उलटे केले बरं का, काम चोख आहे माणसाचं. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आजी, फार स्वच्छ आहेत." म्हटलं, "मग! एकटीने केलेत." चष्म्याच्या बाईंनी तो आपला पाकळीवाला हातात घेतला, पाच पाकळ्या आणि खाली देठ असलेला, आणि किती तरी वेळ खाली ठेवलाच नाही. साहेबांनी ह्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "आजोबा, हा खाणीत कुठल्या थरात सापडला?" ह्यांनी मान हलवली. साहेबांनी चहा घेतला नाही, बिस्किट घेतलं नाही. पोटाचं काही दुखणं असावं. तू ओळखत असशील तर ओव्याचं पाणी घ्यायला सांग.

पुन्हा येऊ म्हणाले. मी म्हटलं कधीही या.

तुझी,
आजी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच पोस्टमन तुझं आधीचं पत्र देऊन गेला. 'पाहुणे येईपर्यंत दगडांना कुणालाही हात लावू देऊ नकोस' असं लिहिलं आहेस. नाही गं लावू दिला! शिवणवाली मदत करते म्हणत होती, तिलासुद्धा नाही.


बुधवार, १२ मार्च

प्रिय आजी,

पहिल्यांदा हे वाच. मी रागावलेले नाही. शिवणमावशी वाचून दाखवत असतील तर त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

त्या रेघा माझ्या नव्हत्या, आजी. आजोबांच्या होत्या.

तुला खाणीतला बद्द्या माहीत आहे. सगळ्या थरांवर हातोडा खणखणीत वाजतो आणि तो एकच राखाडी थर बद्द वाजतो, म्हणून खाणकामगारांनी त्याचं नाव बद्द्या ठेवलं. आजोबा दगड फोडून काढला की त्याच क्षणी पाठीवर खूण करायचे. बद्द्याच्या वर एक हात, तर एक उभी रेघ. दोन हात, तर दोन. खाली असेल तर आडव्या रेघा. गोल म्हणजे बद्द्याच्या आतला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या दगडांना किंमत होती ती त्या रेघांमुळे. नाही तर सुंदर दगड सगळीकडे असतात.

बद्द्या म्हणजे काय ते सांगते. साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वी आपली खाण उथळ समुद्राचा तळ होती. जमिनीवर जवळजवळ काहीच नव्हतं, जे काही जगत होतं ते पाण्यात. तेव्हा दूर दक्षिणेला एका अख्ख्या खंडावर बर्फ साठत गेला. इतका साठला की समुद्राचं पाणी त्यातच अडकून पडलं आणि किनारे उघडे पडले. उथळ पाण्यातल्या जीवांची घरंच गेली. पुढे बर्फ वितळला, पाणी परत आलं, पण ते कुबट होतं, त्यात प्राणवायू नव्हता. गारठ्यातून जे तगले होते त्यातलेही बरेच त्याने संपले. शंभर जातींतल्या पंच्याऐंशी गेल्या असा अंदाज आहे. आपल्या खाणीत त्या सगळ्या काळाची खूण म्हणजे तो बद्द्या. त्याच्या खाली गर्दी आहे. त्याच्या वर जवळजवळ काही नाही.

आणि तुझा पाकळीवाला, तो फूल नाही बरं का, प्राणी आहे, देठाने तळाला चिकटून उभा राहायचा, तो मला वाटतं बद्द्याच्या वरचा आहे. म्हणजे इथे कुणीतरी वाचलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी आले तेव्हा त्याच्या पाठीवर उभी रेघ पाहिल्याचं आठवतं. पण फोटो मी पुढूनच काढला. म्हणजे पहिली चूक माझी, तुझी नाही.

शनिवारी, १५ तारखेला पंप बंद होणार आहे. खाण कायमची बंद. म्युझियमने 'ही भिंत जपायला हवी' असं लिहून दिलं तर पंप पुन्हा सुरू होऊ शकतो. ते पाकळीवाल्यावरून लिहून देणार होते. नुसत्या माझ्या आठवणीवरून देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

एखादा तरी दगड ब्रशातून सुटला असेल का? पलंगाखाली, दाराशी? एक खूण मिळाली तरी आजोबांची पद्धत दाखवता येईल. इथे डोंगरावर फोन लागत नाही, टपालाची गाडी आठवड्याला एकदा. लवकर लिही.

तुझी भिंगरी


गुरुवार, २० मार्च

चि. भिंगरी,

पत्र शिवणवालीने वाचलं, तुझं बारीक अक्षर मला लागत नाही. मशीन बंद करून वाचलं. ते पहिलं वाक्य तिने दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदाही वाचणार होती, मी म्हटलं पुरे. मग तिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. त्या काढता येतात हे मला माहीतच नव्हतं.

तर तो चमचा. दोन दिवस ठण ठण ठण. आणि मी चहा देत होते! तिसरा कप सांडला नव्हता गं, ह्यांनी ढकलला होता. मी वर रागावलेसुद्धा, गालिचा खराब केलात म्हणून.

असो. रडून काही होत नाही, आणि शिवणवालीसमोर तर नाहीच. मी कामाला लागले. ह्यांना दगडाचा आवाज कळायचा, आठवतं ना? बंद डोळ्यांनी सांगायचे हा अमक्या थराचा म्हणून. एकेक दगड ह्यांच्या कानाशी धरला आणि लहान हातोडीने वाजवला. विचारलं, "बद्द्याच्या वर?" मान हलवली. मला हर्ष झाला. शिवणवाली म्हणाली, "मावशी, खाली का म्हणूनही विचारा." विचारलं. त्यालाही मान हलवली. मग मी विचारलं, "मी चुकले का हो?" मान हलवली. "चहा घेणार?" मान हलवली. मला हसू फुटलं आणि शिवणवालीला रडू, आणि हे आमच्या दोघींकडे बघत बसले, कुठल्या वेड्यांच्या घरात आलो अशा चेहऱ्याने.

आता आनंदाची बातमी! एक दगड सुटलाय! मागच्या दाराला अडकण लावतो ना आपण, तो! मी तो मुद्दाम घासला नव्हता. म्हटलं, नातीच्या हातच्या रेघा एवढ्या एका दगडावर तरी राहू देत. पाठीवर लाल खूण अगदी ठसठशीत आहे. एक मोठा गोल, त्याला दोन्ही बाजूंनी रेघा, वर दोन टिंबं. शिवणवालीने पातळ कागद ठेवून तिच्या पेन्सिलीने जशीच्या तशी उतरवली आहे. सोबत घातला आहे कागद. गोल म्हणजे बद्द्याच्या आतला ना? मग आता लिहून दे तुझ्या साहेबांना!

तुझ्या समुद्राचं पत्रातलं सगळं मी ह्यांना पुन्हा सांगितलं. कोटी म्हणजे किती ते शिवणवालीने कापडावर खडूने शून्यं काढून दाखवलं, अर्धा वार कापड संपलं. मला एक कळत नाही. पाणी आटायला लागलं तेव्हा ते जीव सरकले का नाहीत? शिवणवाली म्हणते सरकले असतील, पण सरकून सरकून जाणार कुठे, पुढे खोल. आणि आपला पाकळीवाला तर देठावर उभा, त्याला सरकताही येत नसेल. तो गोळा झालेला किडा आहे ना आपल्याकडे, तिसऱ्या ओळीतला, ह्यांनी एकदा सांगितलं होतं की तो भ्यायला की स्वतःला असा गुंडाळून घ्यायचा. गुंडाळून घेतलं आणि तसाच राहिला. मी त्याला ब्रशाने किती जोरात घासलं. पाणी गेलं तेव्हा मेले, आलं तेव्हा मेले. मग त्यांनी करायचं तरी काय होतं?

पंप शनिवारी बंद झाला. चाळीस वर्षं ती घरघर कानात होती, आता घरात माशी उडाली तरी ऐकू येते. पंपवाल्याने कानातला कापूस काढला आहे आणि तरीही "काय?" म्हणतोच. म्हणजे सवयच ती. खाणीत उतरायच्या चाळीस पायऱ्या आहेत. तो रोज सकाळी वरून बघून येतो. सगळ्यांत खालची चाळिसावी गेली, एकोणचाळिसावी गेली, आज अडतिसावीला पाणी लागलं आहे. दोन दिवसांना एक पायरी असा हिशेब पडतो म्हणाला.

कागद मिळाल्याचं लगेच कळव.

तुझी,
आजी


बुधवार, २६ मार्च

प्रिय आजी,

कागद मिळाला. मी तो टेबलावर ठेवून खूप वेळ बघत होते.

आजी, तो खेकडा आहे. मीच काढला होता. पाच वर्षांची असेन. दोन टिंबं म्हणजे त्याचे डोळे. तू मला एकच दगड राखून ठेवलास आणि तो खरंच माझाच निघाला. मला हसावं की काय करावं कळेना, मग मी हसले. इथल्या सगळ्यांना दाखवला. आता तो माझ्या पलंगाच्या वर लावला आहे.

आता एकच वाट उरली आहे, नीट ऐक. दगड भिंतीतून फोडला की त्यातल्या जीवाचा अर्धा भाग दगडात येतो आणि त्याचा ठसा भिंतीत राहतो, साच्यासारखा. पाकळीवाल्याचा ठसा अजून भिंतीत असेल. साहेबांनी तो जागेवर पाहिला, बद्द्यापासूनचं अंतर मोजलं, की पुरे. कुणाच्या खुणेची गरजच नाही. मला एवढं आठवतं की तो त्यांना जेवायच्या सुट्टीत सापडला होता, आणि आजोबा कायम एकतिसाव्या पायरीवर बसून जेवायचे, कारण तिथे भिंतीची सावली होती.

मी साहेबांना लिहिलं आहे. ते मंगळवारी, १ तारखेला तुमच्याकडे येतील. तुझ्या हिशेबाने तेव्हा एकतिसावी कोरडी असेल.

मला येता येत नाही. इथला रस्ता बर्फाने बंद आहे, तो एप्रिलच्या मध्यावर उघडेल. टपालाची पाकिटं तेवढी दोरीच्या पाळण्यातून खाली जातात. बर्फाचा अभ्यास करायला आले आणि बर्फातच अडकून बसले आहे. तू मात्र पायऱ्या उतरू नकोस. शपथ आहे.

तुझी भिंगरी


बुधवार, २ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. शपथेचा भाग शिवणवालीने शेवटी वाचला, तोवर मी चपला घालून फाटकाशी पोचले होते, तेव्हा ती शपथ धरायची नाही. पंपवाल्याने फाटकाला कुलूप घालायच्या आत मी आत शिरले. सोळाव्या पायरीवर गुडघ्याने नाही म्हटलं. खाली बसले ती बसलेच. शिवणवाली वरून ओरडतेय, "मावशी, वर या!" वर येता येतंय का म्हणून कोण विचारतंय! शेवटी पंपवाल्याने मला पाठीवर घेतलं. ह्या वयात पाठुंगळी! त्याला म्हटलं, अरे, हळू, दगडांसारखी मीही जुनी आहे. तर म्हणतो, "काय?"

मग मी त्याला सगळं समजावलं. म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "आजी, फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे, पण पंपाची ऑफिसात गेली. खाली जाऊन मी करू काय?" फाटकावरच्या बोर्डावर तसं लिहिलेलं आहे, कुणालाही सोडायचं नाही, स्वतःही उतरायचं नाही. आणि फोन त्याचा माझ्यासारखाच, बटनांचा, फोटोचं नाव नको. तेव्हा मला सुचलं. घरी आले, मूठभर पीठ घट्ट भिजवलं आणि त्याचा गोळा करून त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, एकतिसाव्या पायरीपाशी भिंत हाताने चाचप, पाच पाकळ्यांचा खळगा लागेल, त्यात हा दाब आणि अलगद काढ. आणि बद्द्यापासून किती वर ते हाताने मोज. त्याने एकदाही "काय?" म्हटलं नाही. पिशवीत गोळा घातला आणि गेला.

अर्ध्या तासाने आला, कोपरापर्यंत चिखल. पिशवी उघडली आणि अगं भिंगरी, कणकेवर फूल! पाचही पाकळ्या, देठसुद्धा! मी पाकळीवाला आणून शेजारी ठेवला. पाकळीला पाकळी. तिसऱ्या पाकळीचं टोक मोडलेलं आहे ना दगडात, कणकेतही मोडलेलं! शिवणवालीने तिची टेप लावून पाहिली, सुतभर फरक नाही. पंपवाल्याला विचारलं, "वर की खाली?" तो म्हणाला, "बद्द्याच्या वर. एक हात आणि चार बोटं. दोनदा मोजलं."

वर होता गं! एवढा बर्फ पडला, पाणी गेलं, पाणी आलं, सगळे गेले, आणि तो देठावर उभाच होता! मी ह्यांच्या हातात कणकेचं फूल दिलं. ह्यांनी चमचा खाली ठेवला. परवापासून उचललेला नाही.

काल मंगळवारी पाहुणे आले. लांबोडके साहेब, चष्म्याच्या बाई, पेटीवाला. ह्या वेळी पेटी उघडली, त्यात मोजायची कायकाय यंत्रं होती. मी दारातच सांगितलं, चहा मग, आधी फूल बघा. साहेबांनी पाहिलं. दगड आणि कणीक दोन्ही खिडकीशी नेऊन पाहिलं. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजी, हे खरं आहे. मला खात्री आहे." म्हटलं, "मग लिहून द्या." तर म्हणाले, "कणीक भिंतीत कुठे दाबली हे कणीक सांगत नाही, आजी. मला स्वतः बघावं लागेल." म्हटलं, "मग चला की, खाण कुठे पळून गेली आहे."

आम्ही सगळे कठड्याशी गेलो. बत्तिसावीला पाणी लागलं होतं. एकतिसावी कोरडी, उन्हात पांढरी दिसत होती. पंपवाल्याने बोटाने दाखवलं, ती बघा, तिथे. चष्म्याच्या बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, म्हणाल्या सावली आहे, दिसत नाही. साहेबांनी एक पाय फाटकाच्या आत टाकला. पेटीवाल्याने त्यांची बाही धरली. बंद खाणीत दोर बांधून उतरवणाऱ्या माणसाशिवाय आणि त्याच्या सहीशिवाय उतरायची परवानगी नाही म्हणे, तसंच उतरलं तर जे पाहिलं तेही धरणार नाहीत. दोरवाल्याला साहेबांनी तिथूनच फोन लावला. तो दुसऱ्या कामावर आहे. पंपाच्या ऑफिसला लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, म्युझियमचं पत्र आल्याशिवाय पंप सुरू करता येत नाही. साहेब म्हणाले, पंप सुरू केल्याशिवाय पत्र देता येणार नाही. दोघांचंही बरोबर आहे म्हणे. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि पाय फाटकाबाहेर घेतला.

फार चांगला माणूस आहे गं. मी उगाच त्याला पोटाचं दुखणं चिकटवलं. कठड्याला धरून उभा होता आणि पाण्याकडे बघत होता, आणि त्याला कुठे जाता येत नव्हतं. मी म्हटलं, चला आता, चहा निवतोय. ह्या वेळी त्याने बिस्किट घेतलं. मी आग्रह केला म्हणून दुसरंही.

पंपवाला आज सकाळी सांगून गेला, बत्तिसावी उद्या बुडेल. एकतिसावी पाच तारखेला. मी त्याला म्हटलं, पाऊस नाही पडला तर एखादा दिवस जास्त? तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा विचारलं नाही.

कणकेला भेगा पडायला लागल्या आहेत. शिवणवाली म्हणते ओल्या फडक्यात ठेवा, मी म्हणते ओल्याने बुरशी येईल. सध्या ते बिस्किटांच्या डब्यात आहे आणि डबा ह्यांच्या मांडीवर. तू काळजी करू नकोस, जेवत जा, थंडीत डोकं उघडं ठेवू नकोस. तुझा रस्ता उघडेल तेव्हा ये, पाकळीवाला आहे इथे, कुठे जातोय.

निघताना साहेबांनी वही काढून बराच वेळ तारखा पाहिल्या. दोरवाल्याला आधी वेळच नाही. मी त्यांना पाच तारखेचं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलंही होतं. तरी कॅलेंडरवर मी खूण केली आहे, ह्यांचा लाल मेणखडू खिडकीत सापडला त्याने, एक उभी रेघ. गुरुवार, दहा तारीख, सकाळी अकरा वाजता नक्की येतो म्हणाले आहेत.

तुझी,
आजी